जस्त नसेल तर अंधार

माझी पीएचडी म्हणजे चिमूटभर फिकट पिवळी पावडर. बाटलीत दिसली तर कुणालाही वाटेल, बेसन सांडलंय. पण तीच जिवंत पेशीत सोडली आणि आत तिला मोकळं जस्त भेटलं, की हिरवीगार चमकते. जस्त नसेल तर काळोख. एवढंच तिचं काम. हे ‘एवढंच’ जमवायला परळच्या लॅबमध्ये माझी कित्येक वर्षं गेली, आणि जमलं एकदाचं म्हणून हुश्श करते न करते तोच सगळं बोंबललं.

घोडपदेवच्या आमच्या चाळीत मी काय करते हे सांगणं हा एक स्वतंत्र उद्योग आहे. शेजारच्या काकी दर भेटीत विचारणार, “काय गं, मिळालं का कॅन्सरवरचं औषध?”

“औषध नाही हो काकी, मी बघायची वस्तू बनवते.”

“म्हणजे चष्मा?”

“हां, तसंच समजा.”

आता त्यांना जिन्यात उभं राहून किती सांगणार? आपल्या अंगात लोह असतं, तांबं असतं, जस्त असतं, प्रत्येक पेशीत थोडं थोडं, आणि त्यातलं काही कमीजास्त झालं की माणूस आजारी पडतो. पण ते मोजायचं तर पेशी ठेचावी लागते. म्हणजे पेशी मेल्यावर कळणार, एकूण जस्त किती होतं. जिवंत असताना ते आत कुठे बसलं होतं, कधी हललं, कुणाकडे गेलं, याचा पत्ताच नाही. म्हणून आमच्यासारखी माणसं असे रेणू बनवतात की ज्यांच्या एका टोकाला चिमटा असतो आणि दुसऱ्या टोकाला दिवा. चिमटा रिकामा तोवर दिवा विझलेला. चिमट्यात जस्त अडकलं की दिवा लागला. त्यातही जस्तच अडकायला हवं हं. पेशीत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ढिगानं असतं; त्यांनीही दिवा लागला तर तो रेणू सिंकमध्ये ओतायच्या लायकीचा.

माझे आधीचे बरेच रेणू त्याच सिंकमध्ये गेले. एक पेशीत शिरेचना. एक शिरला, पण पेशींना मारूनच. एक इतका गुणी निघाला की जस्त असो, तांबं असो, नळाचं पाणी असो, सगळ्यांना बघून चमकायचा. मी चिडले की टेबलावर वस्तू आपटते. त्या काळात लॅबमधली पोरं माझ्याजवळची काचेची भांडी गुपचूप लांब सरकवून ठेवायची.

रेणू बनवायचं काम माझं आणि पेशी सांभाळायचं काम ताईचं. ताई म्हणजे आमच्या लॅबमधली सगळ्यात सीनियर मुलगी. लालबागची, घरी अस्सल मालवणी, आणि लॅबमध्ये समोरच्याला जी कळेल ती भाषा. पेशींना ताजं खाणं घालताना ती त्यांच्याशी बोलते. “जेवा गो बायांनो, जेवा. आज हिचा परत काहीतरी पाजायचा आसा तुमका.” मला पेशींच्या खोलीत पहिल्यांदा नेलं तेव्हा तिनं दम भरला होता, की इथे चिडायचं नाही, माझी बाळं घाबरतात. मला वाटलं मस्करी करतेय. तसं नव्हतं. मी दार आपटलं तर ती दोन दिवस बोलत नसे.

आणि सर. आमचे सर कधी आवाज चढवत नाहीत. त्यांची सवय अशी, की हळूच एक वाक्य टाकायचं आणि चहा प्यायला निघून जायचं. ते वाक्य मग आठवडाभर पोटात दुखत राहतं.

गणपती झाल्यावर या पिवळ्या पावडरीनं पहिल्यांदा काम केलं. मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीत मी आणि ताई. नुसता रेणू दिलेल्या पेशी काळ्याकुट्ट. जस्त पाजलेल्या पेशी अशा उजळल्या की ताईनं माझ्या दंडाला चिमटा काढला. जोडीला जी तपासणी करायची असते तीही केली. माझी पावडर पाण्यात विरघळत नाही, म्हणून ती आधी डीएमएसओ नावाच्या पातळ द्रवात विरघळवून मग पेशींना देतात. तर नुसता तो डीएमएसओ दिला तर काय होतं, तेही पाहिलं. काही नाही, अंधार. म्हणजे सगळं चोख.

सरांनी चित्रं पाहिली आणि म्हणाले, “छान. आता हेच पुन्हा पुन्हा करून दाखव. एकदा दिसतं ते नशीब.” दिवाळीनंतर समिती बसणार होती. बाहेरचे परीक्षक येतात, काम बघतात, आणि ठरवतात की या रेणूवर प्रबंध लिहायचा की नवीन काही घेऊन पहिल्यापासून सुरुवात करायची. पहिल्यापासून! आई गेली कित्येक वर्षं चाळीतल्या लग्नाच्या चौकशा परतवून लावत होती, “तिचं पुस्तक होऊ दे आधी,” असं म्हणत. तिला आणखी किती वर्षं लोकांच्या तोंडाला लागायला लावू?

मध्ये खंडेनवमी आली. आमच्या घरी दसऱ्याला आपट्याची पानं येत नाहीत. त्या दिवशी आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो, वंदना होते, आई खीर करते. यंत्रांच्या पूजेशी माझी गाठ लॅबमध्येच पडली. ताईचे बाबा गिरणीत साच्यांवर होते, म्हणजे मागांवर. त्यांच्या खात्यात रीत अशी की साच्यापासून तेलाच्या डबीपर्यंत एकही वस्तू वगळायची नाही, वगळलेली वस्तू वर्षभर रुसते. गिरणी गेली, पण ही रीत ताईबरोबर आमच्या लॅबमध्ये आली. झेंडूचे हार, बत्तासे, पेढे, आणि पितळेच्या कोयरीत हळदकुंकू. मायक्रोस्कोपला ठिपका, इनक्युबेटरला ठिपका, एकेका पिपेटला ठिपका. सर बाजूला उभे राहून हसत होते.

“तुझ्या कामाच्या फळीला लावू काय गो?” ताईनं विचारलं.

“माझ्या नको. पेढा मात्र दोन दे.”

तिनं दोन दिले. कुणी वाकडं पाहिलं नाही, मीही तोंड वाकडं केलं नाही. चहा पीत गंमत बघितली आणि घरी आले.

दसऱ्यानंतर आम्ही पुन्हा प्रयोग लावला. पेशींची पहिली बशी मायक्रोस्कोपखाली ठेवली, जस्त न दिलेली, अंधार असायला हवा अशी. पडद्यावर सगळ्या पेशी हिरव्यागार.

“बशा अदलाबदल झाल्या का?” मी म्हटलं.

ताईनं नावं तपासली. अदलाबदल नव्हती. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मग मी एक हुशारी केली. जस्त ओढून घेणारं एक रसायन असतं, चिलेटर म्हणतात त्याला. ते टाकलं की चिमट्यातलं जस्त निघून जातं आणि दिवा विझतो. मला वाटलं, कुठून तरी चोरून जस्त येत असेल. भांड्यांतून, रबराच्या बुचातून. असं होतं कधी कधी. चिलेटर टाकलं. दिवा विझेना. टाकलं आणखी. ढिम्म! पेशी आपल्या हिरव्याच्या हिरव्या.

सरांनी चित्रं पाहिली, चष्मा पुसला. “जस्त आहे तरी लागतो, नाही तरी लागतो, काढून घेतलं तरी लागतो. याला सेन्सर नाही म्हणत. याला झिरोचा बल्ब म्हणतात.” आणि गेले चहाला. दाराशी थांबून एवढंच बोलले, की समितीपर्यंत हे सुटलं नाही तर हा रेणू सोडून देऊ, उगाच गुंतून पडू नकोस.

गुंतून पडू नकोस म्हणे! त्या रेणूच्या प्रत्येक पायरीला मी उपाशीपोटी उभी राहिले होते. संध्याकाळी परळहून घोडपदेवला चालतच गेले, तावातावानं. रस्त्यात एका फेरीवाल्याशी काही कारण नसताना भांडले. घरी आईनं तोंड बघूनच ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी डोकं जरा थंड झाल्यावर वाटलं, पावडरच खराब झाली असेल. ते तपासायची आमची रोजची साधी पद्धत आहे. पांढरा लेप दिलेल्या छोट्या पट्टीवर द्रावणाचा ठिपका ठेवायचा, पट्टी उभी करून खालून दुसरा द्रव चढू द्यायचा. द्रव वर चढतो तसे मिश्रणातले पदार्थ वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. मग पट्टी अतिनील दिव्याखाली धरली की ठिपके चमकून दिसतात. पेशींना दिलेलं द्रावण मी पट्टीवर घातलं आणि दिव्याखाली धरलं. माझ्या रेणूचा ठिपका जिथे असायला हवा तिथे होता, शहाण्यासारखा. पण त्याच्या आसपास आणखी तीन ठिपके होते. एकाखाली एक. माझे नसलेले.

मग नुसत्या डीएमएसओची पट्टी केली. माझा ठिपका गायब, ते तीन पाहुणे हजर.

आणि ते तीन ठिपके मी ओळखत होते! बीएस्सीला हळदीचं प्रॅक्टिकल असतं. घरून हळद न्यायची, तिचे रंग पट्टीवर वेगळे करायचे, आणि एकाखाली एक तीन पिवळे ठिपके वहीत काढायचे. महाराष्ट्रात रसायनशास्त्र शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून दाखवा, सांगेल. मी डीएमएसओची कुपी दिव्याखाली धरली. झाकणाच्या आतल्या कडेला बारीक पिवळसर हिरवी रेघ चमकत होती. त्यावर कापसानं सोड्याचं पाणी लावलं. कापूस लाल झाला, शर्टावरचा वरणाचा डाग साबणानं होतो तसा.

हळद! माझ्या कुपीत हळद!

पुढचं सगळं आपोआप जुळलं. कुप्यांचा स्टँड पेशींच्या खोलीत असतो. ताईच्या राज्यात. तिनं मी घरी गेल्यावर तिथल्याही झाकणांना ठिपके लावले असणार. आणि पेशींच्या निर्जंतुक कपाटात शिरणारी प्रत्येक वस्तू स्पिरिटनं पुसायची हा तिचाच कडक नियम. सुकी हळद झाकणावर बसून राहिली असती तर काही बिघडलं नसतं. पण हळदीचा रंग स्पिरिटमध्ये विरघळतो. दर वेळी पुसताना तो फटीतून आत गेला आणि डीएमएसओत तर मस्तच मुरला. वरचे ठिपके पुसून निघाल्यामुळे कुणाला काही दिसलंही नाही. पेशी बिचाऱ्या हळद पिऊन चमकत होत्या, आणि शिव्या माझा रेणू खात होता.

मला असा संताप आला! मी नको म्हटलं होतं. स्पष्ट, तोंडावर. तरी लावलीच? आणि संतापाच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट आली, ती जास्त वाईट होती. हे आता मी सांगायचं कसं? अख्ख्या लॅबमध्ये पूजेला हात न लावणारी मी एकटी, आणि मीच उठून सांगणार की पूजेनं प्रयोग बिघडवला? तोंडावर कुणी काही बोलणार नाही, पण मनात म्हणतीलच की हिला निमित्तच हवं होतं. समितीला थोडेच दिवस उरले होते आणि मी पट्टी खिशात घालून गप्प बसले होते.

घरी आईला सगळं सांगितलं. आई भाजी निवडत होती.

“तिनं मुद्दाम केलं का?”

“नाही गं.”

“तू खोटं बोलतेयस का?”

“आई!”

“मग अडलंय कुठे? पण ओरडत सांगू नकोस. तू ओरडायला लागलीस की माणसं तुझं म्हणणं ऐकत नाहीत, तुझा आवाजच ऐकतात. नळावर बघत नाही का मी तुला?”

मी म्हटलं, नळाचा इथे काय संबंध. पण दुसऱ्या दिवशी ओरडले नाही. ताईला एकटीला अंधाऱ्या खोलीत नेलं आणि एक बशी दाखवली. माझा रेणू नाही, जस्त नाही, नुसता त्या कुपीतला डीएमएसओ. पडद्यावर हिरवागार उजेड. मग पट्टी तिच्या हातात दिली. ती पण बीएस्सी झालेलीच की. तीन ठिपके बघून तिचं तोंड उघडं पडलं.

“गो... हळद?”

मी मान हलवली. ती स्टुलावर बसली. आणि एकदम रडायला लागली. “तू नको म्हटलंस म्हणून फळीला नाय लावलं. पण कुप्यांना लावलं. तुझ्या कुप्यांना सगळ्यांपेक्षा जास्त लावलं. म्हटलं, हिचं व्हायला हवं या वर्षी. किती राबते. माका काय ठावक गो, मीच तुझ्या कामात माती घालतंय!”

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिच्यावर चिडायला आले होते आणि तिचे डोळे पुसत बसले. शेवटी मी म्हटलं, “अगं रडतेस काय! म्हणजे माझा रेणू बरोबर आहे! कळतंय का तुला? तो बरोबर आहे!” तोंडातून बाहेर पडेपर्यंत ते माझं मलाच नीट कळलं नव्हतं. आम्ही दोघी त्या खोलीत अशा हसलो की शेजारच्या लॅबमधून कुणीतरी डोकावून गेलं.

सरांना तिनंच सांगितलं, माझ्या आधी पुढे होऊन. “सर, ती हळद माझी.” सर आधी गंभीर झाले, मग त्यांना चहाचा ठसका लागला. मी माझं म्हणणं लगेच रेटलं. नवीन सीलबंद बाटलीतून सगळे प्रयोग पुन्हा करते, पण हळदीची बशी फेकणार नाही. ती समितीला दाखवणार.

“कशाला? हसं करून घ्यायला?”

“नाही सर. बघाल तुम्ही.”

ताईनं तिचे मायक्रोस्कोपचे सगळे तास मला दिले. स्वतःचं काम बाजूला ठेवलं आणि माझ्या बशा ती स्वतः लावत होती, पेशींना मालवणीत समजावत. नव्या डीएमएसओत माझी पावडर विरघळवली. नुसता रेणू: काळोख. जस्त सोडलं आणि आम्ही दोघी पडद्याला डोळे लावून बसलो. आधी एका पेशीच्या पोटात बारीक ठिणगी दिसली, मग शेजारच्या, आणि बघता बघता अख्खा पडदा भरला. चिलेटर सोडलं. विझल्या, एकेक करून, सगळ्या. पुन्हा जस्त दिलं. पुन्हा लागल्या! आणि हे सगळं होताना पेशी जिवंत होत्या. एक तर आमच्या डोळ्यांदेखत मधोमध आवळत जाऊन दोन झाली. मी आयुष्यात इतकी सुंदर गोष्ट पाहिलेली नाही, आणि ती मी बनवलेल्या उजेडात दिसत होती. मला त्या वेळी स्वतःचा भयंकर अभिमान वाटला. का वाटू नये?

समितीच्या दिवशी सभागृहात एसी इतका गार की माझे दात वाजत होते. परीक्षक बाई दादरहून आल्या होत्या, बारीक फ्रेमचा चष्मा आणि त्याहून बारीक नजर. माझं बोलून झाल्यावर त्यांनी नेमका तो प्रश्न विचारला, ज्याच्यावर लोकांचे प्रबंध आडवे होतात.

“पेशीत आपोआप चमकणाऱ्या शंभर गोष्टी असतात. हे जस्तच कशावरून?”

मी पडद्यावर दोन चित्रफिती शेजारी शेजारी लावल्या. दोन्हीकडे हिरव्या पेशी, अगदी जुळ्या बहिणी. “मॅडम, आता दोन्हीकडे चिलेटर सोडलंय.” उजवीकडच्या पेशी विझत गेल्या. डावीकडच्या ढिम्म, तशाच हिरव्या.

“डावीकडे कोणता रेणू आहे?”

“हळद, मॅडम.”

सभागृहात खसखस पिकली. बाई हसल्या नाहीत. “कसली हळद?”

“लालबागची. आमच्या खंडेनवमीच्या पूजेतली.” आणि मग सगळंच सांगितलं. झाकण, स्पिरिट, तीन ठिपके. “खोटा उजेड कसा दिसतो ते आम्हाला फुकटात मिळालं, मॅडम. तो जस्त काढून घेतलं तरी जात नाही. माझा जातो.”

मागच्या रांगेत ताई ओढणीत तोंड लपवून बसली होती. बाईंनी चष्मा काढला, पुन्हा घातला. “परत लावा.” मी लावली. “परत.” पुन्हा लावली. उजवीकडचा पडदा काळा झाला तेव्हा त्या पुढे वाकल्या होत्या. मग त्यांनी समोरचे कागद बंद केले आणि सरांकडे वळून म्हणाल्या, “लिहायला बसवा हिला. आणि ही हळदीची आकृती गाळायची नाही. हिच्यामुळे माझा विश्वास बसला.”

सरांनी माझ्याकडे पाहून नुसती मान डोलावली. त्यांच्याकडून एवढं म्हणजे वाजतगाजत मिरवणूकच.

आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. ताईनं मला अशी मिठी मारली की मला श्वास घेता येईना. मी आईला फोन लावला. आजूबाजूला प्राध्यापक लोक ये-जा करत होते, म्हणून तोंडावर हात धरून हळूच म्हटलं, “आई, झालं.”

“काय झालं? मोठ्यानं बोल.”

“पास केलं त्यांनी. माझं काम खरं निघालं.”

पलीकडून आईचा आवाज आला, चाळीच्या नळावर ऐकू जाईल एवढा मोठा. “अगं मग चोरासारखं काय सांगतेस? आता ओरड की!”

आणि मी त्या व्हरांड्यात, सगळ्या प्राध्यापकांच्या देखत, बेंबीच्या देठापासून ओरडले.